कपितोलिनाबाईंची भट्टी

"घे तुझं देऊळ," कपितोलिनाबाई म्हणाल्या, आणि किल्ल्यांचा जुडगा नवऱ्याच्या हातात न देता त्यांनी पिठाने माखलेल्या फळीवर ठेवला.

भट्टीतून शेवटचे पाव नुकतेच निघाले होते. राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावाचा आंबूस, गरम वास सगळीकडे भरून राहिला होता. दाराबाहेर बायकांची रांग लागली होती, आणि रांगेतली प्रत्येक बाई वेनियामिन अर्सेन्येविच यांच्याकडे अशी बघत होती, जणू यांनी तिच्या तोंडचा घास काढून घेतलाय. तसा तो घेतलाच होता म्हणा. जवळजवळ वीस वर्षं अर्ज करकरून त्यांनी ही बेकरी या जुन्या चर्चमधून हलवायला लावली होती. आणि बेकरी चालवणारी बाई त्यांची स्वतःची बायको होती.

"धन्यवाद, कापा," ते म्हणाले.

"धन्यवाद कसले? सही कुठे करायची ते सांग. मला गाडीत परात चढवायचीय."

मी कोपऱ्यात मोजपट्टी घेऊन उभा होतो. नवरा-बायकोच्या मामल्यात तिऱ्हाइताने नजर कुठे ठेवायची हे कुठल्याही शिष्यवृत्तीत शिकवत नाहीत. मी आपला छताकडे बघत राहिलो. छत काजळीने काळंकुट्ट झालं होतं आणि घाम फुटल्यासारखं ओलं होतं. कपितोलिनाबाईंनी सही केली, डोक्याचा रुमाल घट्ट केला आणि मागे वळून न बघता निघून गेल्या. रांगेतल्या एका म्हातारीने मोठ्याने म्हटलं, "बायकोलाच बाहेर काढलं मेल्यानं."

वेनियामिन अर्सेन्येविच पिठाच्या पोत्यावर बसले. "जिंकलो," ते मला म्हणाले. इतक्या दमलेल्या आवाजात हा शब्द मी आजवर दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही.

ही एकोणीसशे सत्त्याऐंशीची गोष्ट. क्रांतीनंतर बंद पाडलेल्या चर्चमध्ये तेव्हा रशियात गोदामं, बेकऱ्या सर्रास चालायच्या. मी कराडचा. जुन्या इमारतींची दुरुस्ती शिकायला सरकारी शिष्यवृत्तीवर रशियात गेलो, आणि मॉस्कोत व्याख्यानं ऐकून झाल्यावर मला उत्तरेला, सुखोना नदीच्या काठी एका गावात वेनियामिन अर्सेन्येविच यांच्या हाताखाली प्रत्यक्ष कामाला धाडण्यात आलं. गावाला सगळे नुसतं पोसाद म्हणायचे. तुम्ही नकाशात शोधायच्या भानगडीत पडू नका. तिथली माणसं एकमेकांना नाव आणि पुढे बापाचं नाव लावून हाक मारतात, त्यामुळे मी रत्नाकर गजाननोविच झालो. माझे वडील उभ्या जन्मात पुण्याच्या पलीकडे गेले नाहीत, पण त्यांचं नाव पोसादच्या म्हाताऱ्या रोज घ्यायच्या. मीही मनातल्या मनात परतफेड केली. कपितोलिना फ्योदोरोवना माझ्यापुरत्या कपितोलिनाबाई झाल्या.

त्या भागातल्या चर्चची एक वेगळी धाटणी आहे. तोत्मा गावावरून तिला तोत्माचा बरोक म्हणतात. अठराव्या शतकात तिथले व्यापारी केसाळ कातड्यांसाठी जहाजं घेऊन पार अलास्काच्या बाजूला जायचे, आणि सुखरूप परतले की चर्च बांधायचे. ती चर्चही जहाजासारखीच, उंच आणि चिंचोळी. वरचा मजला उन्हाळ्याचा, खालचा ऊबदार मजला हिवाळ्याचा. आणि भिंतीवर कार्तुश. कार्तुश म्हणजे ढालीसारख्या आकाराची, वळणावळणांची नक्षी. ती ना दगडात कोरलेली, ना गिलाव्यात काढलेली. नुसत्या विटा पुढे-मागे रचून केलेली. भिंतीला गिलावाच नाही. पोसादच्या चर्चवर अशी नक्षी खिडक्यांमधल्या प्रत्येक जागेत होती, आणि एकासारखा दुसरा कार्तुश नव्हता.

"गवंड्यानं भिंत चढवता चढवता हे केलंय," वेनियामिन अर्सेन्येविच मला परांचीवर उभं करून सांगायचे. "मागून चिकटवलेलं नाही. भिंतच आहे ही. म्हणून यातला एक जरी पडला तरी तो परत लावता येत नाही, रत्नाकर गजाननोविच. लावला तर मेलेल्या माणसाला कवळी बसवल्यासारखं दिसेल."

बोलताना ते विटांवर हात फिरवायचे. तेवढ्यापुरता त्यांच्या चेहऱ्यावर जीव यायचा. एरवी बेकरी हलल्यापासून तो माणूस रिकाम्या पोत्यासारखा झाला होता. इतकी वर्षं ज्याच्याशी झगडायचं तेच नाहीसं झालं, मग सकाळी उठून करायचं काय? दोन भट्ट्यांपैकी एक त्यांनी फोडून घेतली. दुसरी वसंतात फोडू म्हणाले, आणि विषय सोडून दिला.

मी त्यांच्याच घरी राहत होतो. रात्रीचं जेवण तिघांचं एकत्र व्हायचं, आणि ते कधी एकदा संपतंय असं मला व्हायचं. कपितोलिनाबाई आता बसथांब्याजवळच्या नव्या पावाच्या कारखान्याच्या प्रमुख होत्या. विजेच्या भट्ट्या, पांढऱ्या फरश्या, अंगात इस्त्रीचा कोट. तिथला पाव त्या घरी आणायच्या आणि टेबलावर ठेवायच्या.

"कसा आहे?" त्या विचारायच्या.

"चांगला आहे," वेनियामिन अर्सेन्येविच चावत चावत म्हणायचे.

"खोटं बोलू नकोस. पुठ्ठा आहे पुठ्ठा."

जेवण झालं की बाई घमेल्यात गरम पाणी घेऊन त्यात पाय सोडून बसायच्या, डोळे मिटून. मला त्यांची फार दया यायची. मी तरुण होतो, आणि दया करायला तरुणपणी काही कारण लागत नाही. मला वाटायचं, बाई आतल्या आत झुरतेय. वीस वर्षं जिथे राबली तिथून नवऱ्यानेच हाकललं, आणि बोलायची सोय नाही.

एकदा न राहवून मी म्हणालो, "तुम्हाला जुनी भट्टी आठवत असेल."

त्यांनी एक डोळा उघडला. "आठवते ना. गुडघ्यांना आठवते. अंगणातून लाकडं आणायची, पायऱ्या उतरायच्या, परत चढायच्या. विहिरीचं पाणी तसंच." आणि डोळा परत मिटला. मला वाटलं, ही त्यांची बोलायची तऱ्हा आहे.

नोव्हेंबरमध्ये थंडी आली. म्हणजे माझ्या हिशेबाने ती ऑगस्टपासूनच होती, पण आता पोसादची माणसंही तिला थंडी म्हणू लागली. एका सकाळी आम्ही उत्तरेच्या भिंतीपाशी उभे होतो. वर कुठेतरी सुपारी फुटावी तसा आवाज झाला. मग बर्फात काहीतरी मऊसा धप्प आवाज करून पडलं.

वेनियामिन अर्सेन्येविच गुडघ्यावर बसले आणि हाताने बर्फ उकरून त्यांनी तो तुकडा काढला. कार्तुशचा एक कोपरा होता. वीट मधोमध उलली होती आणि फुटलेल्या जागी बर्फाचे कण चमकत होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, तुकडे तिच्यात ठेवले आणि तसेच उघड्या डोक्याने उभे राहिले.

"कळलं?" त्यांनी मला विचारलं.

कळलं होतं. आमच्याकडे ओलीने भिंती हिरव्या पडतात, तिकडे ओलीने भिंती फुटतात, एवढाच फरक. वर्षानुवर्षं पाव भाजून त्या भिंतींनी वाफ पिऊन ठेवली होती. भट्टी रोज पेटत होती तोवर भिंत गोठत नव्हती. आता आत पोटभर पाणी आणि बाहेर गोठवणारी थंडी.

"मला याची भीती होतीच," ते म्हणाले. "बेकरी वसंतात हलायला हवी होती. सगळा उन्हाळा भिंत वाळली असती. पण परवानगी आली शरदात. म्हटलं, आता नको म्हणालो तर परत कधी मिळायची? देव जाणे. घेतली. वाटलं, एखादा हिवाळा सौम्य जाईल."

"मग आता?"

"आता रोज थोडी थोडी ऊब द्यायची. एक भट्टी आहे. पण लाकूड?"

लाकडाचं त्या वेळचं गणित सरळ होतं. सरपण गावाच्या सोव्हिएतकडून, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीकडून मिळायचं, आणि ते शाळेला, दवाखान्याला, बेकरीला. रिकाम्या चर्चला लाकूड जाळायचं म्हणजे काय, हे कुणाच्या कल्पनेतही बसत नव्हतं. आम्ही अध्यक्ष झुयेव यांच्याकडे गेलो. झुयेव वेनियामिन अर्सेन्येविचना बघूनच कंटाळले.

"बेकरी असती तर ट्रकभर दिलं असतं," ते म्हणाले. "पण बेकरी तुम्हालाच नको होती. आता कपितोलिना फ्योदोरोवनांनी येऊन सांगितलं, की मला जुनी भट्टी पाहिजे, तर बघता येईल. पावासाठी देता येतं. विटांसाठी नाही."

दुसऱ्या दिवशी आणखी एक तुकडा पडला, तिसऱ्या दिवशी एका ढालीची पूर्ण कड गेली. ते तुकडे टोपीत गोळा करून घरी आणायचे आणि स्वयंपाकघरातल्या चुलीवरच्या फळीवर ठेवायचे. बायकोला विचारायचं त्यांच्याच्यानं होत नव्हतं. जिला बाहेर काढलं तिच्यापुढेच नाक घासायचं. माझाही जीव टांगणीला लागला होता. माझ्या मनाने घेतलं होतं की बाई आता चांगलं वसूल करणार, आणि तिने ते करावं असंही मला कुठेतरी वाटत होतं.

शेवटी एका जेवणाला त्यांनी चमचा खाली ठेवला.

"कापा, मी विचार करत होतो."

"तो तू कायमच करतोस. सूप गार होतंय."

"त्या जुन्या भट्टीचा. एक अजून शाबूत आहे. तुला... म्हणजे तुला परत तिथं काम करावंसं वाटत असेल, तर मी आडवा येणार नाही."

कपितोलिनाबाई पाव कापायच्या थांबल्या. "तू आडवा येणार नाहीस."

"नाही."

"वीस वर्षं आलास. आता येणार नाहीस."

"लोकांना तोच पाव आवडतो. आणि तुझा जीव तिथंच होता, मला काय कळत नाही? मी फार ताणलं." ते टेबलाकडे बघत बोलत होते. मी माझ्या सुपात बुडी मारून बसलो होतो.

बाईंनी चुलीवरच्या फळीकडे बघितलं. टोपीतल्या विटांचं बर्फ वितळून पाणी टपटप खाली गळत होतं.

"किती पडलं?" त्यांनी विचारलं.

"उत्तरेची एक कड. दोन कोपरे."

"आणि अजून?"

"खरी थंडी तर यायचीय."

बाई बराच वेळ नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. राग असेल असं मी धरून चाललो होतो, पण मला दिसला तो नुसता थकवा, दिवसभर उभं राहून घरी आल्यावर पुन्हा कुणी दार वाजवावं तसा.

"बरं," त्या म्हणाल्या. "इतकं म्हणतोयस तर जाते. उद्या झुयेवला भेटते. तू येऊ नकोस, तू तोंड उघडलंस की त्याचं डोकं फिरतं. रत्नाकर गजाननोविच येतील. परदेशी माणसासमोर तो ओरडणार नाही."

पण झुयेव ओरडले.

"जुनी भट्टी? तुम्हाला पाहिजे?" ते खुर्चीतून अर्धे उठले. "कपितोलिना फ्योदोरोवना, तुम्हीच बोलताय ना हे?"

"मीच."

"मग याच खुर्चीवर बसून, मोजे खाली सारून, मला सुजलेले गुडघे कुणी दाखवले होते? वोलोग्दाला, प्रांताच्या कचेरीत कोण गेलं? एकदा नाही, चारदा! नवीन कारखाना मंजूर होईपर्यंत माझं डोकं कुणी खाल्लं?"

"मीच खाल्लं."

"तुम्हाला काय वाटतं, तुमच्या नवऱ्याच्या अर्जांनी झालं ते? ते अर्ज इथं कुणी वाचतसुद्धा नव्हतं!"

"हळू," बाई म्हणाल्या. "पाहुणे आहेत."

झुयेवना माझी आठवण झाली. त्यांनी कोट सारखा केला. "तुम्हाला रशियन येतं?"

"थोडं थोडं," मी म्हणालो. माझे कान तापले होते. एवढे दिवस जी गोष्ट मी रोज त्यांच्या टेबलाशी बसून बघत होतो, ती भलतीच होती.

झुयेव खाली बसले. आता ते रागावलेले वाटत नव्हते. "मग आता काय बिघडलं?"

"विजेच्या भट्टीत काळा पाव नीट होत नाही."

"छान होतो. मी रोज खातो."

"मला नाही आवडत. लाकूड द्या."

"वेनियामिनची भिंत, होय ना?"

"पावासाठी, असं लिहा."

झुयेव यांनी डोळे चोळले. "तुमच्या पेन्शनला चार-पाच हिवाळे राहिलेत. कारखान्यावर मला दुसरी बाई बसवावी लागेल. वसंतात येऊन म्हणालात की माझी जागा परत द्या, तर मी देऊ शकणार नाही. विचार केलात?"

"केला."

"आणि गुडघे?"

"ते माझे आहेत," कपितोलिनाबाई म्हणाल्या आणि उठल्या. उठताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला, तो आज मला पहिल्यांदा दिसला. रोज घेत असणार.

बाहेर बर्फ पडून रस्ता निसरडा झाला होता. त्यांनी माझा हात धरला. आम्ही हळूहळू चालत होतो. थोडं अंतर गेल्यावर मी विचारलं, "त्यांना माहीत नाही?"

"काय?"

"की कारखाना तुम्ही आणलात. की तुम्हालाच तिथून निघायचं होतं."

"नाही." एक निसरडी जागा त्यांनी जपून ओलांडली. "परवानगीचा कागद आला ना, त्या दिवशी तो रडला. खाटेवर बसून, लहान मुलासारखा. गाव त्याला वेडा म्हणायचं. मुलं मागून ओरडायची. आणि मी काय सांगू त्याला? तुझे अर्ज कुणी वाचले नाहीत, वेन्या, माझे गुडघे बघून दिलंय? नाही जमलं मला."

"त्या दिवशी किल्ल्या फळीवर आपटल्यात तुम्ही."

"मग काय हसत हसत देऊ? हरलेलं माणूस हरल्यासारखं दिसायला नको?" त्या हसल्या आणि धाप लागली म्हणून थांबल्या. "मला त्या भिंतीचं काही नाही, रत्नाकर गजाननोविच. विटा आहेत त्या. पण ती पडली तर हा घरी बसेल आणि खिडकीतून बघत बसेल. असा वेन्या मला घरात नको."

"तुम्हाला राग येत नाही?"

"येतो ना. दोन महिने, फक्त दोन महिने मी इस्त्रीचा कोट घातला. पांढऱ्या फरशीवर चालले. रात्री झोप लागायची मला. येणारच राग. पण तो कुठं ठेवू? पाव करायचेत." त्यांनी माझा हात दाबला. "आणि यातलं एक अक्षर त्याला कळायला नको. तुमच्या वडिलांची शपथ."

अशा रीतीने कराडच्या गजाननरावांची शपथ सुखोना नदीच्या काठी घातली गेली, आणि ती मी पाळली. आता ज्यांच्यापासून लपवायचं ते कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहितोय.

भट्टी पेटली. आधी अगदी मंद, भिंतीला एकदम धक्का बसू नये म्हणून, मग रोजची. वाफ भिंतीत जाऊ नये म्हणून वेनियामिन अर्सेन्येविचनी पत्र्याचं मोठं धुराडं करून बसवलं, आणि त्या कामात ते पुन्हा माणसात आले. गावात बायकांची रांग परत लागली. त्याच म्हातारीने त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं, "आली ना अक्कल!" ते मुकाट्याने हसले. त्या जाड भिंती एका हिवाळ्यात वाळणार नव्हत्या. पुढचे सगळे हिवाळे कपितोलिनाबाई तिथेच राहिल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या, हे मला खूप वर्षांनी कळलं.

माझ्या डोळ्यांपुढे आहे ती जानेवारीतली एक दुपार. आम्ही दोघे परांचीवर होतो, उत्तरेच्या त्या कार्तुशपाशी. किती तरी दिवसांत एक कपचीही पडली नव्हती. वेनियामिन अर्सेन्येविचनी हातमोजा काढून तळवा भिंतीला लावला.

"थांबलं," ते म्हणाले. "लावून बघा. गोठलेली नाही."

मी लावला. ऊब अशी नव्हती, पण हात चटकन मागे घ्यावासा वाटत नव्हता. खाली अंगणात कपितोलिनाबाई लाकडांच्या शेडमधून निघाल्या. छातीशी ओंडक्यांचा भारा होता. त्यांनी वर बघितलं, आम्ही दिसलो, आणि त्या ताठ झाल्या. पाय न ओढता, झपाझप, एखाद्या तरुण पोरीसारख्या त्या अंगण ओलांडून आल्या.

"बघा, बघा कशी चालतेय," वेनियामिन अर्सेन्येविच म्हणाले. "त्या नव्या कारखान्यात दोन महिने कशी सुकून गेली होती. घरी येऊन नुसती डोळे मिटून बसायची. तिचा जीव इथंच होता. मीच गाढव, इतकी वर्षं तिला इथून उपटायला निघालो. जाऊ द्या. शेवटी तिच्या मनासारखं झालं."

"हो," मी म्हणालो.

मी परांची उतरलो. बाई दाराशी पोचल्या होत्या. खाली जाणाऱ्या पायऱ्यांपुढे त्या क्षणभर थांबल्या होत्या, ओठ घट्ट मिटून. मी पुढे होऊन भाऱ्याखाली हात घातला.

त्यांनी भारा सोडला नाही.

"हात काढा," त्या चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून हळूच म्हणाल्या. "तो बघतोय."